बांबूचं विमान बांधलं अन् नकाशा जगाला फुकट वाटला! कॉफीच्या मळ्यातून आभाळात गेलेल्या सांतोस-ड्युमाँ यांची गोष्ट

पुण्यतिथी विशेष

पहिलं विमान कोणी उडवलं, असं आपल्या शाळेतल्या कोणत्याही पोराला विचारा. तो लगेच सांगेल, राइट बंधू. आता हाच प्रश्न ब्राझील देशातल्या पोराला विचारला तर उत्तर वेगळं येतं. तिथलं पोर छाती फुगवून सांगतं, अल्बर्टो सांतोस-ड्युमाँ.

पहिला कोण, हा वाद शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. त्याबद्दल पुढे बोलूच. पण आज २३ जुलै, सांतोस-ड्युमाँ यांची पुण्यतिथी. त्यानिमित्ताने या माणसाची गोष्ट सांगायची आहे ती दुसऱ्याच कारणासाठी. या माणसानं बांबू आणि रेशमी कापडाचं एक छोटं विमान बनवलं आणि ज्याला पाहिजे त्यानं आपल्या घरी बांधावं म्हणून त्याचा नकाशा सगळ्या जगाला मोकळा करून दिला. एक पैसाही घेतला नाही.

मळ्यातलं पोर अन् मशीनचं वेड

अल्बर्टोचा जन्म २० जुलै १८७३ चा, ब्राझीलमधल्या पालमिरा या गावाजवळचा. वडील शिकलेले इंजिनिअर. पण पुढे ते शेतीत उतरले आणि कॉफीचे मोठे बागायतदार झाले. मळा इतका मोठा की तोडलेली कॉफी वाहून नेण्यासाठी मळ्यात स्वतःची रेल्वे होती. आठ भावंडांच्या घरातला हा मुलग्यांमध्ये सगळ्यात धाकटा. अंगानं किरकोळ, स्वभावानं लाजाळू.

बाकीची पोरं घोड्यावर बसायची, तेव्हा हा वाफेच्या मशीनजवळ जाऊन उभा राहायचा. सात वर्षांचा असताना मळ्यातलं वाफेवर चालणारं अवजड वाहन तो चालवायला लागला होता. बारा वर्षांचा झाला तेव्हा रेल्वेच्या इंजिनावर बसून कॉफीचे डबे ओढत होता.

कॉफीचं काम आपल्या मळणीसारखंच. आधी फळं धुवायची, मग वाळवायची, टरफल काढायचं, शेवटी चाळणीतून लहान-मोठे दाणे वेगळे करायचे. हे सगळं मशीनवर चालायचं. छोट्या अल्बर्टोनं एक गोष्ट हेरली. गोल फिरणारं मशीन सहसा बिघडत नाही, पण मागे-पुढे हलणारी चाळणी सारखी मोडते. मळणी यंत्राशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मशीनमधला हादरा हा मशीनचा वैरी असतो, हा धडा त्याला मळ्यातच मिळाला. पुढे हवेत इंजिन लावताना तोच धडा कामाला आला.

रात्री तो ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या वाचत बसायचा. त्यात माणसं फुग्यात बसून देश ओलांडायची. वाचून झालं की पोरगं कागदाचे फुगे बनवून उडवायचं.

वडिलांचा अपघात आणि एक सल्ला

मग घरावर संकट आलं. वडील घोडागाडीतून पडले आणि त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. मळा विकावा लागला. उपचारासाठी सगळं कुटुंब युरोपला गेलं. तिथे पॅरिसमधल्या एका प्रदर्शनात अल्बर्टोनं पहिल्यांदा पेट्रोलवर चालणारं इंजिन पाहिलं. वाफेच्या इंजिनाला बॉयलर लागतो, पाणी लागतं, कोळसा लागतो. हे मात्र छोटंसं आणि हलकं. पोराचे पाय तिथून हलेनात.

१८९२ मध्ये, अल्बर्टो अठरा वर्षांचा असताना, वडिलांनी त्याला त्याच्या वाट्याचा पैसा देऊन टाकला आणि सांगितलं की पॅरिसला जा, यंत्रविद्या शीक. पोट भरायची चिंता तुला नाही, तेव्हा ज्यात जीव रमतो ते कर. त्याच वर्षी वडील वारले.

पैसा हातात आल्यावर बिघडलेली पोरं आपणही पाहिली आहेत. या पोरानं तो पैसा आभाळात घालवला.

पतंग उडवणाऱ्या पोरांनी जीव वाचवला

पॅरिसमध्ये सांतोस-ड्युमाँ आधी साध्या फुग्यात बसायला शिकले. मग १८९८ मध्ये स्वतःचा फुगा बनवून घेतला. जपानी रेशमाचा हा फुगा इतका छोटा होता की घडी करून पेटीत बसायचा. लोक म्हणाले, हा काही माणसाचं वजन उचलणार नाही. पण सांतोस-ड्युमाँ यांचं स्वतःचं वजनच पन्नास किलोच्या आसपास. फुगा मजेत वर गेला.

पण साधा फुगा वाऱ्याच्या मर्जीवर चालतो. वारा नेईल तिकडे जायचं. त्यांना पाहिजे तिकडे जायचं होतं. म्हणून त्यांनी लांबट आकाराचा फुगा शिवून घेतला, त्याखाली टोपली बांधली आणि टोपलीला तीन चाकी मोटारसायकलचं इंजिन आणि पंखा बसवला. फुग्यात हायड्रोजन वायू भरलेला, म्हणजे ठिणगी पडली तर भडकाच. आणि त्याच्या खाली पेट्रोलचं इंजिन! लोक त्यांना वेडा म्हणायचे ते उगाच नाही.

पहिल्याच प्रयत्नात हे यान झाडात जाऊन अडकलं. दोन दिवसांनी दुरुस्त करून पुन्हा वर नेलं. या वेळी चांगलं उडालं, पण उतरताना फुग्यातली हवा कमी झाली आणि लांब फुगा मधोमध दुमडला. यान दगडासारखं खाली यायला लागलं. खाली मैदानात काही पोरं पतंग उडवत होती. सांतोस-ड्युमाँ यांनी वरून ओरडून त्यांना सांगितलं की लोंबणारा दोर धरा आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं पळा. पतंग खाली पडायला लागला की आपण मांजा ओढत पळतो, तसंच. पोरं हुशार निघाली. दोर धरून पळाली, पडण्याचा वेग कमी झाला आणि माणूस वाचला.

अर्ध्या तासाची शर्यत

एका श्रीमंत तेल व्यापाऱ्यानं मोठं बक्षीस लावलं. पॅरिसजवळच्या सँ-क्लू इथून निघायचं, आयफेल टॉवरला वळसा घालायचा आणि अर्ध्या तासाच्या आत परत यायचं. एकूण अंतर अकरा किलोमीटर. बक्षीस एक लाख फ्रँक.

१९०१ च्या जुलैत पहिला प्रयत्न केला तेव्हा इंजिन बंद पडलं आणि यान एका बागेतल्या झाडावर अडकलं. शेजारच्या बंगल्यात ब्राझीलच्या शेवटच्या बादशहाची मुलगी राहत होती. आपल्या देशाचं पोरगं झाडावर अडकलंय हे कळल्यावर तिनं जेवणाचा डबा पाठवला. सांतोस-ड्युमाँ झाडावरच जेवले.

ऑगस्टमधला प्रयत्न मात्र जिवावर बेतला. फुग्यातला वायू गळायला लागला, यान एका हॉटेलच्या छपरावर आदळलं, फुगा फाटला. टोपली भिंतीला लटकत राहिली. अग्निशमन दलाच्या जवानांनी दोर टाकून त्यांना वर ओढून घेतलं. दुसरा कोणी असता तर त्यानं देवाला नारळ फोडून नाद सोडला असता. यांनी त्याच संध्याकाळी नव्या यानाचं काम सुरू करायला सांगितलं.

१९ ऑक्टोबर १९०१. नवं यान निघालं, टॉवरला वळसा घातला, परतताना इंजिन अडखळायला लागलं. सांतोस-ड्युमाँ टोपलीतून बाहेर निघाले, सांगाड्यावरून सरकत इंजिनपर्यंत गेले आणि ते पुन्हा नीट सुरू केलं. खाली शेकडो फूट मोकळी हवा. अर्धा तास संपायला काही सेकंद उरले असताना यानानं रेषा ओलांडली. पण यान खाली येऊन दोर पकडेपर्यंत वेळ चाळीस सेकंदांनी पुढे गेली, म्हणून पंच लोकांनी आक्षेप काढला. पॅरिसची जनता चिडली. शेवटी बक्षीस द्यावंच लागलं.

आता त्यांनी त्या पैशाचं काय केलं ते ऐका. काही रक्कम आपल्या कामगारांत वाटली आणि बाकीची पॅरिसच्या गरिबांसाठी दिली. त्यातून कामकरी लोकांची सावकारी दुकानात गहाण पडलेली अवजारं सोडवण्यात आली. सुताराला करवत आणि लोहाराला हातोडा परत मिळाला की तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. एवढी समज त्या श्रीमंत घरच्या पोराला होती.

दारात उभं केलेलं यान

१९०३ मध्ये तर कमाल झाली. त्यांनी एक लहान यान बनवलं आणि त्यात बसून ते पॅरिसच्या रस्त्यांवरून फिरायला लागले. आपण बुलेट दारात लावतो तसं त्यांनी ते आपल्या घराच्या दारात उतरवलं, वर जाऊन कॉफी घेतली आणि परत उडून गेले. याच यानात त्यांनी आयदा दे अकोस्ता या तरुण मुलीला एकटीला बसू दिलं. हे स्वतः खालून सायकलवर तिला खुणा करत होते. इंजिनचं यान एकटीनं चालवणारी ती जगातली पहिली बाई मानली जाते.

मनगटी घड्याळाची गोष्टही यांच्याशी जोडलेली आहे. दोन्ही हात यान चालवण्यात गुंतलेले, मग खिशातून घड्याळ काढून बघणार कसं? त्यांनी ही अडचण लुई कार्तिए या आपल्या सराफ मित्राला सांगितली. कार्तिएनं १९०४ मध्ये त्यांना मनगटावर बांधायचं घड्याळ करून दिलं. बायका त्याआधीही दागिना म्हणून असं घड्याळ घालायच्या, पण पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रूढ होण्यात या मैत्रीचा मोठा वाटा आहे.

गाढवानं ओढलेलं विमान

फुगा कितीही चांगला असला तरी तो हवेपेक्षा हलका म्हणून वर जातो. हवेपेक्षा जड यंत्र उडवणं हे खरं आव्हान होतं. सांतोस-ड्युमाँ यांनी बांबू आणि रेशमी कापड घेऊन पेटीच्या आकाराचे पंख बनवले. शेपूट पुढे, इंजिन मागे, असं ते विचित्र विमान. चालवणारा उभा राहून चालवायचा.

पण त्यांनी ते थेट उडवलं नाही. आधी उंच बांधलेल्या तारेला विमान लटकवलं आणि गाढवाकडून ओढून घेतलं. तोल कसा राहतो, पंख कसे काम करतात, हे सगळं असं तपासलं. जगातल्या एका नामांकित विमानाच्या चाचणीत गाढवाचा हात आहे, हे वाचून हसू येईल, पण यात मोठी अक्कल होती. आधी जमिनीजवळ तपास, मग वर जा.

२३ ऑक्टोबर १९०६ रोजी पॅरिसमधल्या बागातेल मैदानावर हजारभर लोकांसमोर हे विमान साठ मीटर उडालं. १२ नोव्हेंबरला २२० मीटर उडालं, एकवीस सेकंदांत. पंचांनी मोजून नोंद केली.

आता वादाचं बोलू. अमेरिकेच्या राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजीच विमान उडवलं होतं, आणि ही गोष्ट आज जगानं मान्य केली आहे. पण तेव्हा तिथे मोजकी माणसं होती आणि पुढची काही वर्षं त्यांनी आपलं काम बरंचसं झाकून ठेवलं. युरोपात लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं पहिलं विमान सांतोस-ड्युमाँ यांचं. शिवाय ते स्वतःच्या चाकांवर पळून, कोणताही धक्का न घेता उठलं होतं. म्हणून ब्राझीलची माणसं आजही ऐकत नाहीत.

सव्वाशे किलोची टाचणी

यानंतर त्यांनी जे बनवलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम. नाव ठेवलं देम्वाझेल. फ्रेंच भाषेत याचा अर्थ तरुण मुलगी, आणि पाण्याकाठी उडणाऱ्या बारीक टाचणी किड्यालाही तिकडे हेच नाव आहे.

हे विमान म्हणजे बांबूच्या लांब काठ्यांचा सांगाडा, वर रेशमी कापडाचे पंख, मागे शेपूट, खाली सायकलसारखी चाकं. पंखांची रुंदी साधारण साडेपाच मीटर. म्हणजे आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपेक्षा फार मोठं नाही. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. इंजिन पंखावर, चालवणाऱ्याच्या डोक्याशी. चालवणारा पंखाखाली, बांबूंच्या मध्ये बसायचा. पंख पिळणारी तार त्यांनी आपल्या कोटाच्या पाठीला जोडून घेतली होती. ज्या बाजूला अंग कलंडलं, त्या बाजूला विमान सावरायचं. मोटारसायकलवर वळणात आपण झुकतो, अगदी तसं.

१९०९ मध्ये हे छोटं विमान चांगलं उडायला लागलं. सांतोस-ड्युमाँ त्यात बसून मित्राकडे पाहुणचाराला जायचे. पॅरिसजवळच्या सँ-सीर ते ब्युक हे आठ किलोमीटर त्यांनी पाच मिनिटांत कापले.

आणि मग ते केलं ज्यासाठी हा लेख लिहिला. तेव्हा राइट बंधू आपल्या शोधाच्या हक्कासाठी कोर्टात लढत होते. त्यात कायद्यानं काही चूक नव्हती, मेहनत त्यांची होती. पण सांतोस-ड्युमाँ यांनी देम्वाझेलवर हक्कच सांगितला नाही. ज्याला बनवायचं त्यानं बनवावं, असं जाहीर केलं. १९१० मध्ये अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या मासिकात मापांसह तिचे नकाशे छापून आले. सुतारकाम येणारा, थोडंफार इंजिन समजणारा माणूस आता आपल्या शेडमध्ये विमान बांधू शकत होता. युरोप-अमेरिकेत लोकांनी ते बांधलंही. फ्रान्समधल्या एका मोटार कारखान्यानंही ते विकायला काढलं. फ्रेंच ओपन टेनिस जिथे खेळतात त्या रोलाँ गारो मैदानाला ज्या वैमानिकाचं नाव आहे, तोही या देम्वाझेलवरच उडायला शिकला.

आज जगभरात हजारो माणसं घरी विमान बांधतात. मुंबईतल्या एका मराठी वैमानिकानंही आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, हे अनेकांना आठवत असेल. त्या सगळ्यांच्या मागे बांबूची ही टाचणी उभी आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. वेल्डिंगच्या दुकानात हेलिकॉप्टर बनवण्याचे प्रयत्न आपल्या राज्यातही झालेत आणि त्यात जीवही गेलाय. सांतोस-ड्युमाँ धाडसी होते, पण आधी गाढव, मग मैदान, मग आभाळ, अशा क्रमानं गेले. आज आपल्याकडे घरी बांधलेलं विमान उडवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची परवानगी लागते. ती अडवणूक समजू नका. फिरता पंखा चूक माफ करत नाही.

आभाळातून उतरल्यावर

१९१० च्या जानेवारीत देम्वाझेलची तार तुटली आणि ते विमानासह खाली कोसळले. जीव वाचला, पण त्यानंतर ते पुन्हा विमान घेऊन वर गेले नाहीत. चक्कर यायची, एकाचे दोन दिसायचे. मज्जासंस्थेचा आजार असल्याचं सांगितलं जातं. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी कारखाना बंद केला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. ते तेव्हा फ्रान्सच्या समुद्रकिनारी राहून दुर्बिणीतून तारे बघायचे. शेजाऱ्यांना वाटलं हा जर्मनांचा हेर. पोलिसांनी घराची झडती घेतली. ज्या देशानं डोक्यावर घेतलं, त्याच देशात हा संशय. नंतर माफी मागितली गेली, पण मन दुखावलेल्या या माणसानं आपले कागद आणि नकाशे जाळून टाकले.

त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. विमानानं माणसं जवळ येतील असं त्यांना वाटलं होतं. आता तीच विमानं गावांवर बॉम्ब टाकत होती. १९२६ मध्ये त्यांनी राष्ट्रसंघाकडे मागणी केली की युद्धात विमान वापरण्यावर बंदी घाला. कोणी ऐकलं नाही.

१९२८ च्या डिसेंबरमध्ये ते जहाजानं ब्राझीलला परतत होते. स्वागतासाठी त्यांचे चाहते आणि विद्वान मंडळी एका विमानात बसून निघाली. विमानाला नावही यांचंच दिलेलं. जहाजाजवळ येताना ते विमान समुद्रात कोसळलं आणि आतले सगळे गेले. स्वागत रद्द झालं. हे मात्र एकेकाच्या अंत्ययात्रेला गेले.

१९३२ च्या जुलैत ब्राझीलमध्येच यादवी पेटली. साओ पाउलो राज्यानं बंड केलं आणि सरकारी विमानं आपल्याच माणसांवर बॉम्ब टाकायला लागली. सांतोस-ड्युमाँ तेव्हा ग्वारुजा या किनाऱ्यावरच्या गावात आजारी, खचलेले असे राहत होते. २३ जुलै १९३२ रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तीनच दिवसांपूर्वी त्यांना ५९ वर्षं पूर्ण झाली होती.

मोठी माणसंही आतून खचतात. घरात कोणी असं गप्प-गप्प राहत असेल, जुन्या गोष्टींनी स्वतःला दोष देत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरला दाखवा. बॉम्ब टाकणाऱ्याचा दोष विमान बांधणाऱ्यावर येत नाही, हे त्यांना जवळ बसून कोणीतरी पुन्हा पुन्हा सांगायला हवं होतं.

त्याच महिन्यात त्यांच्या जन्मगावचं पालमिरा हे नाव बदलून सांतोस ड्युमाँ असं ठेवण्यात आलं. रिओ शहरातल्या एका विमानतळालाही त्यांचंच नाव आहे.

त्यांनी स्वतः जाळलेले कागद गेले. पण जो नकाशा त्यांनी लोकांत वाटला होता, तो आजही शाबूत आहे. अजूनही कुठेतरी कोणी हौशी माणूस तो समोर ठेवून बांबू कापतो, कापड ताणतो आणि देम्वाझेल बांधतो.